विमान न उडवणारा एअर मार्शल

अमरावती रोडने वाडीकडे जाताना किंवा फुटाळ्याच्या वरच्या अंगाने सेमिनरी हिल्सकडे वळताना वायुसेनानगरच्या पाट्या दिसतात. लांबलचक कुंपण दिसतं, गेटवर पहारा दिसतो. आत काय चालतं हे मात्र नागपुरात फार थोड्यांना ठाऊक असतं. सोनेगावला हवाई दलाची विमानं उतरतात, तेव्हा वायुसेनानगरात त्यांचंच काहीतरी ऑफिस असणार, असा बहुतेकांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात तिथे भारतीय हवाई दलाच्या सात कमांडपैकी एका कमांडचं मुख्यालय आहे. तिचं नाव मेंटेनन्स कमांड. तिचा प्रमुख एअर मार्शल हुद्द्याचा असतो, म्हणजे लष्करातल्या लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा. त्याच्या गाडीवर तीन तारे असतात. आणि अलीकडच्या वर्षांत या खुर्चीवर जे अधिकारी बसले, ते वैमानिक नव्हते, इंजिनिअर होते.

हवाई दलातला मोठा अधिकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काखेत हेल्मेट धरलेला लढाऊ वैमानिक उभा राहतो. मग ज्याच्या डाव्या खिशाच्या वर पंखांचा बिल्लाच नाही, तो माणूस तीन तार्‍यांपर्यंत पोचतो कसा? त्यासाठी पस्तीस-चाळीस वर्षं काय काय करावं लागतं? आणि तिथे पोचल्यावर त्याच्या हातात नेमकं काय असतं? मला असं ठामपणे वाटतं की हवाई दल कसं चालतं हे या माणसाच्या कारकिर्दीतून जितकं नीट कळतं, तितकं वैमानिकाच्या कारकिर्दीतूनही कळत नाही.

हुद्दा वेगळा, नेमणूक वेगळी

पेपरमध्ये बातमी येते, ‘एअर मार्शल अमुक यांनी मेंटेनन्स कमांडच्या प्रमुखपदाची सूत्रं स्वीकारली’. यात दोन गोष्टी आहेत. एअर मार्शल हा हुद्दा. तो खांद्यावर दिसतो आणि माणसाबरोबर जातो. ‘एअर ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ’, म्हणजे कमांडचा प्रमुख, ही नेमणूक. ती बदली झाली की सुटते. एअर मार्शल दिल्लीच्या मुख्यालयातही असतात आणि तिथे त्यांच्या हाताखाली कमांड असेलच असं नाही. कमांडप्रमुखाचा मान वेगळा असतो आणि त्याचा पगारही वरच्या पातळीवर जातो. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचं मूळ वेतन महिना 2,25,000 रुपये आहे, म्हणजे केंद्र सरकारच्या सचिवाइतकं. त्याच्या वर एकच पायरी उरते, वायुसेनाप्रमुखाची, 2,50,000 रुपयांची.

शिडी अशी आहे: फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि एअर चीफ मार्शल. मार्शल ऑफ द एअर फोर्स हा त्याहून वरचा पाच तार्‍यांचा हुद्दा आजवर फक्त अर्जन सिंग यांना मिळाला, 2002 साली. ही नावं ब्रिटिशांच्या हवाई दलातून जशीच्या तशी आलेली आहेत आणि ती सगळ्या शाखांना सारखीच लागू होतात. त्यामुळे हिशेबनीस किंवा इंजिनिअर असलेला तरुणही पहिल्या दिवशी फ्लाइंग ऑफिसरच असतो. नावावरून कोण उडतो आणि कोण उडत नाही हे कळत नाही. ते कळतं शाखेवरून.

आणखी एक गोष्ट घराघरात सांगायला हवी, कारण इथे गावाकडचे नातेवाईक हमखास चुकतात. एअरमन म्हणून भरती होणं आणि अधिकारी म्हणून भरती होणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. एअरमनची शिडी कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर अशी चढते. काही एअरमन पुढे परीक्षा देऊन अधिकारी होतात, पण तो रस्ता अरुंद आहे. हे सांगताना एअरमनला कमी लेखायचं मुळीच नाही. विमानाला प्रत्यक्ष हात लावणारा माणूस तोच असतो आणि पुढचा सगळा लेख त्याच्या हातांवर उभा आहे.

हँगरमधली वर्षं

समजा, नागपूरच्या एखाद्या कॉलेजातून मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअर झालेली मुलगी किंवा मुलगा बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी हवाई दलात गेला. शाखा मिळाली एरोनॉटिकल इंजिनिअरिंग. हैदराबादजवळ दुंडीगलच्या एअर फोर्स अकादमीत पायाभूत प्रशिक्षण होतं. मग बंगळूरच्या जालहळ्ळीतल्या एअर फोर्स टेक्निकल कॉलेजात विमानाची ओळख होते. दोन्ही मिळून वर्षाहून जास्त काळ जातो. त्यानंतर पहिलं पोस्टिंग एखाद्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या एका तुकडीत मिळतं.

इथून पुढची सात-आठ वर्षं त्या माणसाला घडवतात, म्हणून त्यांच्याकडे जरा जवळून बघू.

विमान उडण्याआधी, दोन उड्डाणांच्या मध्ये आणि दिवसाचं काम संपल्यावर अशी त्याची तपासणी ठरलेली असते. इंजिनाचं काम करणारा वेगळा, सांगाड्याचा वेगळा, विजेचा वेगळा, उपकरणांचा वेगळा, शस्त्रांचा वेगळा. प्रत्येक जण आपलं काम झालं की सही करतो. या सह्या ज्या नोंदवहीत होतात तिला हवाई दलात फॉर्म 700 म्हणतात. प्रत्येक विमानाची ती वेगळी असते. विमानात आधी कोणता बिघाड झाला होता, तो कसा काढला, कोणता भाग कधी बदलला, किती तास उड्डाण झालं, कोणतं काम पुढे ढकललं आहे, हे सगळं तिच्यात असतं. वैमानिक विमानाकडे जाण्याआधी ती वाचतो आणि शेवटी स्वतः सही करतो. त्या क्षणी विमान इंजिनिअरच्या ताब्यातून वैमानिकाच्या ताब्यात जातं. उतरल्यावर तो काय बिघडलं ते लिहितो आणि विमान परत इंजिनिअरच्या ताब्यात येतं. तरुण अधिकार्‍याच्या सहीला इथे जे वजन असतं, ते चोविसाव्या वर्षी दुसर्‍या फार कमी नोकर्‍यांत मिळतं. आपण सही केलेलं विमान घेऊन आपल्याच मेसमध्ये जेवणारा मित्र आकाशात जातो, ही जाणीव माणसाला लवकर मोठं करते.

हत्यारांच्या पेटीचंही तसंच. प्रत्येक पान्याला, प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हरला त्याच्या आकाराचा खाचा कापलेला असतो. काम संपलं की पेटी उघडून बघायची. एक खाचा रिकामा दिसला तर विमान सोडायचं नाही. रात्र झाली असो, वैमानिक तयार होऊन उभा असो, वरिष्ठांचा फोन येवो, तो पाना सापडल्याशिवाय विमान हलत नाही. कारण हातभर पाना विमानाच्या पोटात कुठे सरकला तर कंट्रोलच्या दांड्या अडकू शकतात, आणि साधा नट हवेबरोबर इंजिनात ओढला गेला तर आतली पाती तुटतात. म्हणूनच विमानं जिथे उभी राहतात त्या जागेवर माणसं रांगेनं चालत जमिनीवरचा खडा न् खडा वेचतात.

दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. इथपर्यंतच्या बढत्या ठरावीक सेवा, परीक्षा आणि तब्येत यांवर मिळतात. या काळात अधिकारी स्क्वाड्रनचा सीनियर इंजिनिअरिंग ऑफिसर होतो. ‘उद्या सकाळी किती विमानं मिळतील?’ हा कमांडिंग ऑफिसरचा रोजचा प्रश्न आणि त्याचं उत्तर देणारा हा. इथे खोटं आश्वासन देणारा अधिकारी फार दिवस टिकत नाही. ‘सर, आठ देतो’ म्हणून सहाच दिली, तर सगळ्या सरावाचं वेळापत्रक कोसळतं.

ग्रुप कॅप्टनपासून वरची प्रत्येक पायरी निवडीची असते. वार्षिक गोपनीय अहवाल, कोणकोणत्या जागी काम केलं, कोणते कोर्स झाले, हे सगळं निवड मंडळासमोर ठेवलं जातं. जागा मोजक्या असतात. ज्यांची निवड होत नाही तेही चांगले अधिकारीच असतात. सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांना सेवाकाळाच्या आधारावर ग्रुप कॅप्टन करतात, पण तिथून पुढची शिडी त्यांच्यासाठी संपलेली असते. चाळिशीच्या आसपास, मुलं दहावी-बारावीत असताना, हा निकाल लागतो. गणवेशातल्या कुटुंबांना तो फार लागतो, आणि त्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही.

हिंगण्याचा वर्कशॉप आणि ओझरचा डेपो

आता मेंटेनन्स कमांड नेमकं काय करते ते बघू. नागपूरकराला हे एसटीच्या उदाहरणानं चटकन कळेल. गणेशपेठच्या डेपोत बसची रोजची तपासणी होते. हवा, तेल, ब्रेक बघतात आणि गाडी रस्त्यावर जाते. पण काही लाख किलोमीटर चाललेली गाडी पूर्ण उघडून पुन्हा बांधायची असेल तर ती हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत जाते. हवाई दलात स्क्वाड्रन हा डेपो आणि ‘बेस रिपेअर डेपो’ ही हिंगण्याची कार्यशाळा. हे बेस रिपेअर डेपो देशभर पसरलेले आहेत आणि ते नागपूरच्या मुख्यालयाखाली येतात.

चंडीगडच्या तीन नंबरच्या डेपोत मिल या रशियन कुळातली हेलिकॉप्टरं, म्हणजे एमआय-17 सारखी, ओव्हरहॉल होतात. कानपूरच्या एक नंबरच्या डेपोत एएन-32 या मालवाहू विमानांचं काम होतं. आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळच्या ओझरला अकरा नंबरचा डेपो आहे. तिथे मिग-29 चं काम होतं आणि 2018 साली त्यांनी सुखोई-30 एमकेआय हे लढाऊ विमान पहिल्यांदा पूर्ण ओव्हरहॉल करून दाखवलं. पुण्याला डेपो आहे. देवळालीला सुट्या सामानाचा डेपो आहे. कमांडची स्थापना 1955 साली कानपूरला झाली. नंतर मुख्यालय नागपूरला आलं, आणि देशाच्या मध्यावर असल्यानं इथून चारही दिशांना लक्ष ठेवणं सोयीचं पडतं.

ओव्हरहॉल म्हणजे नेमकं काय? विमानाचे भाग सुटे केले जातात. रंग उतरवला जातो. धातूत डोळ्यांना न दिसणारी भेग आहे का हे क्ष-किरण, ध्वनिलहरी आणि रंगद्रव्यं वापरून तपासतात. वायरिंगचे जुडगे बदलतात. ज्या भागाचं आयुष्य तासांत ठरलेलं आहे तो भाग चांगला दिसत असला तरी काढतात. मग सगळं पुन्हा बांधून, टेस्ट पायलटकडून उडवून, स्क्वाड्रनला परत. आपल्या इंजिनिअरच्या कारकिर्दीतली एक-दोन पोस्टिंग अशा डेपोत होतात आणि एअर कमोडोर झाल्यावर त्याला अख्खा डेपो सांभाळायला मिळू शकतो. त्याच्या हाताखाली गणवेशातले आणि साधे नागरी कर्मचारी अशी मोठी वस्ती असते. कामगार संघटनेशी बोलणं, कॅन्टीनचा प्रश्न सोडवणं आणि इंजिनच्या पात्यावरच्या भेगेबद्दल निर्णय घेणं, हे सगळं एकाच दिवसात करावं लागतं. माझ्या मते खरा कमांडर इथे तयार होतो.

मधल्या काळात अभ्यासक्रम चालूच असतात. निलगिरीतल्या वेलिंग्टनचं डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज, सिकंदराबादचं कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट आणि एअर कमोडोरच्या सुमाराला दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज. शेवटच्या ठिकाणी तिन्ही दलांचे अधिकारी, सनदी अधिकारी आणि परदेशी पाहुणे एकत्र शिकतात. तिथे विमानाचा विषय जवळजवळ नसतोच. अर्थव्यवस्था, शेजारी देश, सुरक्षा हे विषय असतात. दिल्लीच्या हवाई मुख्यालयात खरेदी, करार आणि नव्या विमानांच्या निवडीच्या टेबलावर दोन-तीन वर्षं घालवावी लागतात. तीही पुढे उपयोगी पडतात.

सुट्या भागांचं राजकारण

कमांडप्रमुखाचं डोकं सर्वांत जास्त कशानं दुखत असेल, तर सुट्या भागांनी. आणि याची मुळं इतिहासात आहेत.

आपल्या हवाई दलातली पुष्कळ विमानं सोव्हिएत काळातली किंवा त्याच परंपरेतली. 1991 साली सोव्हिएत संघ फुटला आणि एका देशातले कारखाने एका रात्रीत वेगवेगळ्या देशांत गेले. एएन-32 बनवणारी संस्था युक्रेनमध्ये, कीव्हला. आयएल-76 हे अवाढव्य मालवाहू विमान जिथे बनायचं ते ताश्कंद उझबेकिस्तानात. इतर अनेक कारखाने रशियात. ज्या पत्त्यावर पत्र लिहिलं की सामान यायचं, तो पत्ताच राहिला नाही. 2009 साली भारतानं एएन-32 चा ताफा आधुनिक करण्यासाठी युक्रेनशी करार केला. काही विमानं तिकडे जाऊन नवी होऊन आली, उरलेली कानपूरला करायची होती. 2014 साली रशिया-युक्रेन संघर्ष सुरू झाला आणि तो कार्यक्रम अडखळला. 2022 च्या युद्धानं दोन्ही बाजूंच्या पुरवठ्याची काळजी पुन्हा वाढवली.

यावर उपाय एकच: जो भाग बाहेरून येत नाही तो इथे बनवायचा. रबराचं सील, फिल्टर, होज, गास्केट, छोटे पंप. या वस्तू छोट्या वाटतात, पण विमान जमिनीवर बसवायला त्यातली एक पुरते. विमान एका भागासाठी अडून बसलं की त्याला हवाई जगात ‘एओजी’ म्हणतात, म्हणजे जमिनीला खिळलेलं विमान. अशा मागणीची फाइल बाकीच्या फाइलींच्या पुढे पळते. कमांडचे डेपो स्वतः भाग बनवतात आणि खासगी लघुउद्योगांनाही काम देतात. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारानं एकदा तरी या मागण्यांची यादी बघावी, असं मला मनापासून वाटतं. काम किचकट असतं, तपासण्या कडक असतात, पैसा हळू येतो. पण कामाची शिस्त जी लागते ती आयुष्यभर पुरते.

भाग मिळालाच नाही तर? तर स्क्वाड्रनवाले एका उभ्या विमानातला भाग काढून दुसर्‍याला लावतात. तात्पुरतं भागतं. पण प्रत्येक वेळी दुप्पट काम होतं, दोनदा सुट्टं करायचं आणि दोनदा जोडायचं, आणि ज्याच्यातून भाग काढला ते विमान हळूहळू सांगाडा होत जातं. ही सवय किती पसरली आहे यावरून पुरवठ्याची तब्येत कळते.

आता आकड्यांत बघा. हवाई दलाला मंजूर असलेल्या लढाऊ स्क्वाड्रन 42 आहेत. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 निवृत्त झालं आणि ही संख्या 29 वर आली. एका स्क्वाड्रनमध्ये ढोबळमानानं 18 विमानं धरली तर 29 स्क्वाड्रनची 522 होतात. यातली उडण्याजोगी विमानं समजा एकूण ताफ्याच्या दहा टक्क्यांइतकी वाढली, तर 52 विमानं जास्त मिळाली, म्हणजे जवळजवळ तीन स्क्वाड्रन. नवं विमान विकत न घेता! याची उलट बाजूही खरी आहे. महालेखापरीक्षकांच्या 2015 च्या अहवालात सुखोई-30 ची उपलब्धता 55 ते 60 टक्के असल्याचं म्हटलं होतं, आणि अपेक्षा 75 टक्क्यांची होती. नव्या विमानांच्या खरेदीवर टीव्हीवर रात्र-रात्र चर्चा चालते. या पंधरा-वीस टक्क्यांवर कुणी बोलत नाही. वायुसेनानगरातल्या खुर्चीचं वजन कळायला हा एवढा हिशोब पुरतो.

युद्धाच्या वेळी तर हे आणखी स्पष्ट होतं. 1999 साली कारगिलमध्ये शत्रू सोळा-अठरा हजार फुटांवरच्या शिखरांवर बसला होता. ग्वाल्हेरच्या मिराज-2000 विमानांवर लेझरनं नेम धरणारी यंत्रणा आणि बॉम्ब बसवण्याचं काम अत्यंत कमी वेळात करावं लागलं. 24 जूनला टायगर हिलवर नेमका बॉम्ब पडला, त्याचं चित्रण सगळ्या देशानं पाहिलं. त्यामागे तांत्रिक शाखेच्या माणसांच्या कित्येक जागरणाच्या रात्री होत्या.

वैमानिकांचा रस्ता

तुलनेसाठी दोन मराठी नावं घेऊ. एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक यांचा जन्म 1949 सालचा, नागपूरचा. एनडीएतून, म्हणजे पुण्याजवळच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, जून 1969 मध्ये ते लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात दाखल झाले. 1971 चं युद्ध त्यांनी पाहिलं. पुढे मध्य कमांडचे प्रमुख, मग उपप्रमुख आणि 31 मे 2009 ते 31 जुलै 2011 वायुसेनाप्रमुख. एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी नांदेड जिल्ह्यातले. डिसेंबर 1982 मध्ये दाखल झाले, मिग-29 च्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं, 3800 तासांहून जास्त उड्डाण केलं, पश्चिम कमांड सांभाळली आणि 30 सप्टेंबर 2021 पासून तीन वर्षं प्रमुख होते.

दोघांच्याही रस्त्यात ओळखीचे थांबे दिसतात: स्क्वाड्रनचं नेतृत्व, मोठ्या तळाचं नेतृत्व, मुख्यालय, लढाऊ कमांड, उपप्रमुखपद. आजवरचे सगळे वायुसेनाप्रमुख वैमानिक शाखेतलेच आहेत आणि त्यातही बहुतेक लढाऊ विमानांचे. हेलिकॉप्टर वैमानिक पहिल्यांदा त्या पदावर गेला तो 2007 साली, फली होमी मेजर यांच्या रूपानं. म्हणजे आपल्या इंजिनिअरसाठी एअर मार्शल ही शेवटची पायरी. मला स्वतःला यात अन्याय दिसत नाही. लढाईत विमानं पाठवणारा माणूस स्वतः उडालेला असावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण त्यामुळे समाजानं इंजिनिअरला दुय्यम मानावं, हे मात्र मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट वयाची. एअर मार्शलची निवृत्ती साठाव्या वर्षी. तिथे पोचेपर्यंत बहुतेकांचं वय सत्तावन्न-अठ्ठावन्न झालेलं असतं. म्हणजे पस्तीस-छत्तीस वर्षांच्या तयारीनंतर कमांड हातात राहते ती दीड-दोन वर्षं. एवढ्यात तो काय करणार? तर तो ओव्हरहॉलची नवी शाखा सुरू करण्याचा निर्णय घेतो, कुठला भाग देशात बनवायचा ते ठरवतो, कोणत्या डेपोत कोणाला पाठवायचं ते बघतो. फळ दिसतं ते त्याच्यानंतरच्या दुसर्‍या-तिसर्‍या प्रमुखाच्या काळात. दरवर्षी वायुसेनानगरात कमांडच्या सगळ्या डेपोप्रमुखांची परिषद होते, वायुसेनाप्रमुखही बहुधा येतात, आणि नागपूरच्या पेपरांत एक ग्रुप फोटो छापून येतो. त्या फोटोतली बरीच माणसं आधीच्या कुणीतरी सुरू केलेलं काम पुढे नेत असतात.

छातीवरच्या रिबिनींबद्दलही दोन शब्द. एअर मार्शलच्या नावापुढे पीव्हीएसएम, एव्हीएसएम, व्हीएसएम अशी अक्षरं दिसतात. ही परमविशिष्ट, अतिविशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदकं आहेत. दीर्घ आणि उत्तम सेवेसाठी दिली जातात. परमवीर, महावीर, वीर चक्र ही शौर्याची. दोन्हींचा मान मोठा आहे, पण दोन्हींची गल्लत करू नये.

नागपूरच्या मुलामुलींसाठी

बारावीनंतर एनडीए. भौतिकशास्त्र आणि गणित हवं. अलीकडच्या जाहिरातींत हवाई दलाच्या 120 जागांपैकी 92 फ्लाइंगच्या, 18 तांत्रिक आणि 10 इतर ग्राउंड ड्यूटीच्या असतात. मुलींसाठीही एनडीए खुली झाली आणि मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. इंजिनिअरिंगनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची अधिकारी भरतीची प्रवेश परीक्षा. तिची जाहिरात वर्षातून दोनदा, साधारण डिसेंबर आणि जूनमध्ये येते. ग्राउंड ड्यूटीसाठी वय 20 ते 26. लेखी परीक्षेनंतर डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी अनेक दिवसांची निवड मंडळाची मुलाखत होते. फ्लाइंगसाठी वेगळी संगणकीकृत वैमानिक निवड चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते, हे लक्षात ठेवूनच तिला बसावं.

अर्ज भरताना परमनंट कमिशन आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन यातला फरक नीट वाचा. ग्राउंड ड्यूटीच्या शॉर्ट सर्व्हिसची मुदत दहा वर्षं, वाढवून चौदा. ज्याला वरच्या पायर्‍या खुणावतात त्याला परमनंट कमिशनच लागतं. चष्म्याचा नंबर आहे म्हणून आठवी-नववीतच स्वप्न गुंडाळून ठेवणारी पुष्कळ मुलं असतात. फ्लाइंगसाठी डोळ्यांचे निकष फार कडक असतात. तांत्रिक शाखेसाठी ते बरेच सैल आहेत. नंबर किती चालतो ते प्रत्येक जाहिरातीत छापलेलं असतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आपला नंबर लिहून घेऊन त्या रकान्याशी ताडून बघायला फारसा वेळ लागत नाही.